दिवाळी ते शिमगा: कोकणच्या हवेत स्प्रे कॅनने प्लास्टिक मॉडेल रंगवताना

प्लास्टिकचं किट नीट रंगवायचं तर एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारी बारीक गन) आणि कॉम्प्रेसर हवाच, असं समजून कितीतरी जण हा छंद सुरूच करत नाहीत. किटचा खोका कपाटात पडून राहतो. वास्तविक जहाजं, गाड्या, प्रवासी विमानं, गुंडम या जपानी कार्टूनमधले रोबो अशा एकरंगी आणि मोठ्या भागांच्या मॉडेलांना स्प्रे कॅन उत्तम. थर सलग बसतो, गन धुवायचा व्याप नाही, शेजाऱ्यांना कॉम्प्रेसरचा आवाज नाही. कॅनला जमत नाही ते एवढंच: पेन्सिलीच्या टोकाएवढी बारीक रेष किंवा विमानाच्या अंगावरचे पुसट ठिपके. तेवढ्यासाठी ब्रश आहे.

अडचण येते ती दुसरीकडून. या विषयावर जे वाचायला, बघायला मिळतं ते बहुतेक थंड आणि कोरड्या देशांतलं असतं. ‘कॅन गरम पाण्यात ठेवा’, ‘खोली उबदार करा’ हे सल्ले तिकडे बरोबर आहेत. गुहागरच्या पडवीत मे महिन्यात ते पाळले तर रंग हवेतच सुकून मॉडेलवर भुकटी बसेल. आणि तिकडे कोणी सांगत नाही ती गोष्ट इथे सगळ्यात मोठी आहे: आर्द्रता. कोकणात कॅन हातात घेण्याआधी हवा बघायची. बाकी कौशल्य सरावाने येतं.

आधी हवा

मॉडेलसाठीचे बहुतेक कॅन लॅकरचे असतात. लॅकरमधलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं, झटकन उडणारं द्रव्य) उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं आणि नुकताच फवारलेला भाग आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो. हवेत बाष्प भरपूर असेल तर ते त्या थंड भागावर जमतं आणि ओल्या रंगात अडकतं. वाळल्यावर तिथे दुधाळ पांढरट छटा दिसते. याला ब्लशिंग म्हणतात. काळ्या, गडद निळ्या रंगावर आणि क्लिअरवर, म्हणजे वरून मारायच्या पारदर्शक थरावर, ते लगेच डोळ्यांत भरतं.

आकडे मांडले की नेमकं लक्षात येतं. जुलैत तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असताना दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं तो, साधारण २५ अंशांवर असतो. म्हणजे पृष्ठभाग तीन अंशांनी थंड झाला की पाणी जमलंच. डिसेंबरात ३० अंश आणि ५५ टक्के असेल तर दवबिंदू २० अंशांवर, मध्ये दहा अंशांची मोकळीक. पोलादाच्या मोठ्या कामांत पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम असावा असा नियम पाळतात. झपाट्याने उडणाऱ्या लॅकरला तेवढ्यावर भागत नाही. सात-आठ अंशांचं अंतर ठेवावं असं माझं मत आहे.

दर वेळी हे गणित करत बसायची गरज नाही. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं लहान डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते घरात नव्हे, जिथे रंगवणार तिथे अर्धा तास ठेवा आणि मग वाचा. ६५ टक्क्यांपर्यंत निर्धास्त रंगवा. ६५ ते ७५ मध्ये प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि फिकट रंग, तेही पातळ थरांत. ७५ च्या वर कॅन खाली ठेवा. मॅट क्लिअर मात्र ६० च्या वर मी मारतच नाही. का ते पुढे येईल.

आता दिनदर्शिका. आपल्याकडे रंगाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत चालतो. ऑक्टोबरच्या उष्म्यात जमिनीतून ओल उठत असते, तेव्हा घाई नको. हिवाळ्यातही दिवसाची वेळ महत्त्वाची. पहाटे दंव पडलेलं असतं, आर्द्रता सर्वांत जास्त तेव्हाच. ऊन वर येईल तशी ती उतरते. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो, तो तुलनेने कोरडा. दुपारच्या सुमारास खारा वारा सुरू झाला की बाष्प परत वाढतं आणि कॅनचा फवाराही तिरपा उडतो. म्हणून मालवण, हर्णै, मुरूड अशा अगदी किनाऱ्यावरच्या गावांत साडेनऊ ते साडेअकरा हा वेळ सोन्यासारखा. चिपळूण, लांजा अशा आतल्या भागात खारा वारा उशिरा आणि मंद पोचतो, तिथे आणखी तास-दोन तास मिळतात. नारळाच्या झावळ्या कोणत्या बाजूला झुकायला लागल्या हे बघत राहा, वारा फिरला की कळतं.

चैत्र-वैशाखात उलटा प्रकार. तापमान तेहतीसच्या वर गेलं की रंगाचे थेंब मॉडेलपर्यंत पोचता पोचता सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तेव्हा नेहमीपेक्षा थोडं जवळून, १५ ते १८ सेंटीमीटरवरून, छोटे झपके मारावे लागतात. काम होतं, पण चकचकीत गाडी त्या दिवसांत नको. जहाज किंवा रणगाडा चालेल.

पावसाळा जोडणीचा. जून ते सप्टेंबर किट कापा, घासा, चिकटवा, पुट्टी भरा, सांधे गुळगुळीत करा, आतले छोटे भाग पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकने ब्रशने रंगवा. श्रावणात दोन दिवस छान उघडीप मिळाली की हात शिवशिवतात. पण ऊन पडलं तरी जमीन, चिरे, झाडं सगळं ओल सोडत असतं आणि यंत्र ८० च्या खाली येत नाही. आकाशाकडे नको, यंत्राकडे बघा.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी एक काळजी घ्यावी. एसीच्या खोलीत ठेवलेलं मॉडेल आणि कॅन थेट बाहेर आणले तर थंड प्लास्टिकवर नुसत्या हवेनेच ओल जमते, डोळ्यांना दिसतही नाही. दोन्ही बाहेर अर्धा-पाऊण तास राहू द्या. फवारणीनंतर वास बराचसा ओसरल्यावर मॉडेल एसीच्या खोलीत वाळायला ठेवणं मात्र फायद्याचं, कारण एसी हवेतली ओल काढतो.

कॅन कोणता

किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं. तामिया या जपानी कंपनीची टीएस मालिका त्याच्यासाठी बनवलेली आहे, एएस मालिका विमानांच्या रंगांची. पीएस मालिका रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहे, ती किटवर वापरायची नाही. डब्यांची ठेवण सारखी असल्यामुळे दुकानात अक्षरं नीट वाचून घ्या. मिस्टर हॉबीचे मिस्टर कलर कॅन आणि मिस्टर सर्फेसर प्रायमरही उत्तम.

हे कॅन कोकणातल्या दुकानांत सहसा नसतात, मुंबई-पुण्याहून आणावे किंवा मागवावे लागतात. दाबाखालचा ज्वलनशील माल असल्याने विमानाच्या सामानात ते नेता येत नाहीत. ऑनलाइन मागवताना पार्सल रस्त्याने येणार हे गृहीत धरा, म्हणजे वेळ लागतो. दिवाळीनंतर रंगवायचं असेल तर गणपतीतच ऑर्डर द्या.

रत्नागिरी, कणकवली, अलिबागच्या हार्डवेअरच्या दुकानांत आणि गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत कॉसमॉस, ॲब्रो असे कॅन मिळतात. ते धातू, लाकूड, गाडीचं अंग यांच्यासाठी असतात. फवारा रुंद, थर जाड, सॉल्व्हंट कडक. तरीही त्यांतला मॅट काळा किंवा राखाडी प्रायमर मोठ्या मॉडेलला चालू शकतो. अट एकच: आधी किटच्या फ्रेमच्या (ज्या दांड्यांना भाग जोडलेले येतात त्यांच्या) तुकड्यावर मारून रात्रभर ठेवा. सकाळी बोट फिरवा. प्लास्टिक खरबरीत झालं असेल, नख रुतत असेल किंवा रंग अजून चिकट असेल तर तो कॅन त्या किटसाठी बाद. आणि एनसी थिनर किंवा नखांचं पॉलिश काढायचं ॲसिटोन किटजवळसुद्धा आणू नका, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं.

धुणं आणि पुसणं

साच्यातून सुटावेत म्हणून भागांना तेलकट पदार्थ लागलेला असतो. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात मऊ दातब्रशने धुवा, स्वच्छ पाण्याने खंगाळा. किनाऱ्यावर याला आणखी एक कारण आहे. उघड्या खिडकीच्या खोलीत आठवडाभर ठेवलेल्या वस्तूवर मिठाचा पातळ थर बसतो, बोटाला चिकट लागतो तो. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. त्यावर रंग मारला तर पकड राहत नाही, नंतर बारीक फोड येतात. त्यामुळे पावसाळ्यात जोडून ठेवलेलं मॉडेल दिवाळीनंतर रंगवताना पुन्हा एकदा धुवावं, पूर्ण वाळवावं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावं. त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. घामेजल्या बोटाचा ठसा प्रायमरखालून वर दिसतो.

वाळवायला उन्हात ठेवू नका. गडद रंगाचं प्लास्टिक उन्हात फार तापतं, आणि पातळ पंख, तोफांच्या नळ्या वाकतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलेलं बरं.

जागा

पडवी ही उत्तम जागा. वर छप्पर, समोर मोकळं. मोठा खोका आडवा ठेवून त्याच्या तोंडाशी मॉडेल ठेवायचं, म्हणजे उडणारा रंग खोक्यात जातो. वारा पाठीकडून येईल असं उभं राहा. खळ्यात रंगवणार असाल तर तांबडी धूळ हा मोठा शत्रू. जांभ्याची ती बारीक माती पावलागणिक उठते आणि ओल्या पांढऱ्या रंगावर जाऊन बसते. अर्धा तास आधी सडा टाका, जमीन ओलसर झाली की धूळ दबते. पाण्याचं थारोळं मात्र नको, नाहीतर ओल परत हवेत येते.

वाऱ्याच्या दिशेला काय आहे तेही बघा. उन्हाळ्यात खळ्यात आमसुलं, फणसपोळ्या, कुळीथ वाळत असतात. उडालेला रंग काही मीटर लांबही जातो. वाळत घातलेले कपडे, दारातली गाडी, गोठा, सगळं ध्यानात घ्या.

कॅनमधला वायू ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. जवळ पेटलेली चूल, न्हाणीतला बंब, समई, उदबत्ती, डासांची कॉइल काहीही नको. नाकाला साधा कापडी मास्क पुरत नाही. एन-९५ रंगाचे कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं बसणारा मास्क घ्या. उघड्या पडवीतही तो लावायचा. हातात नायट्राइलचे मोजे. एवढ्या एका बाबतीत काटकसर करू नये असं मी आग्रहाने सांगेन.

धरायला काय

मोठा भाग प्लास्टिकच्या बाटलीच्या तोंडावर दुहेरी टेपने बसवा, बाटलीत थोडी वाळू भरा म्हणजे कलंडत नाही. छोट्या भागांना खराट्याचे हीर फार छान. हिराच्या टोकाला पोस्टर चिकटवायची पुट्टी लावून भाग बसवायचा, दुसरं टोक वाळूच्या डब्यात खोचायचं. थर्मोकोलमध्ये खोचू नका. थर्मोकोलही पॉलिस्टायरीनच आहे, लॅकरच्या फवाऱ्याने ते खात जातं आणि हीर आडवा होतो.

हातात धरून फिरवता येईल असंच सगळं बसवायचं. कॅन एका हातात, मॉडेल दुसऱ्या. कॅन उभाच राहिला पाहिजे, तिरपा केला की फवारा तुटतो. कोन बदलायचा तो मॉडेलचा.

प्रायमर

प्रायमरने रंगाला पकड मिळते आणि सांध्यांतल्या चुका दिसतात. राखाडी प्रायमर बहुतेक सगळ्याला चालतो. पिवळा, लाल, पांढरा यांच्याखाली पांढरा प्रायमर घ्या, नाहीतर रंग मळकट दिसतो आणि तो झाकायला थर वाढत जातात. चंदेरीखाली चकचकीत काळा.

पातळ थर मारून तासाभराने मॉडेल खिडकीच्या तिरप्या उजेडात फिरवा. सांध्याची रेघ, पुट्टीतली भोकं, घासल्याचे ओरखडे सगळे उघडे पडतात. तिथे पुट्टी भरा, १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा, पुन्हा प्रायमर. हा फेरा कंटाळवाणा आहे, पण अंतिम रंगाचा अर्धा दर्जा इथेच ठरतो.

रंगाचा हात

कॅन किमान दोन मिनिटं हलवा. आतली गोळी खडखडायला लागल्यापासून दोन मिनिटं मोजायची. गरम पाण्याचा प्रकार आपल्याकडे फक्त पौष-माघातल्या गार सकाळी, तोही हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं. कॅनवर ५० अंशांच्या वर तापवू नका असं लिहिलेलं असतं, ते गांभीर्याने घ्या. गॅसवर ठेवलेल्या भांड्यात कॅन कधीच नाही. नंतर कॅन पुसून कोरडा करा, नाहीतर पाण्याचा थेंब फवाऱ्याबरोबर मॉडेलवर उडतो.

पहिला झपका पुठ्ठ्यावर. नॉझलमध्ये अडकलेला रंग थुंकल्यासारखा निघतो, तो मॉडेलवर नको.

अंतर २० ते ३० सेंटीमीटर. आता हाताची चाल. गावातल्या गणपतीच्या शाळेत गनने रंगवणारा एखादा जुना रंगारी असेल तर त्याच्याकडे दहा मिनिटं बघत बसा. त्याचं मनगट वळत नाही. खांदा आणि कोपर हलतो, म्हणून गन आणि मूर्ती यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं राहतं. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू होतो आणि पलीकडे बाहेरच बंद होतो. मूर्तीवर असताना हात थांबत नाही. कॅनचं सगळं तंत्र एवढंच आहे. सुरुवात आणि शेवट जिथे होतो तिथे जास्त रंग पडतो, तो भाग हवेत गेला पाहिजे.

समजा, १/३५० प्रमाणातली विनाशिका रंगवायची आहे. नौदलाच्या कोलकाता वर्गातली विनाशिका १६३ मीटर लांब आहे. त्या लांबीचं जहाज या प्रमाणात साधारण ४७ सेंटीमीटरचं होतं. एवढा लांब सपाट भाग कॅनला फार मानवतो. आधी सुपरस्ट्रक्चरचे (डेकच्या वरच्या बांधणीचे) कोपरे, खाचा, तोफांच्या पाठच्या जागा यांवर दोन-तीन हलके झपके मारा, कारण रंग पोचायला अवघड जागा त्याच. मग नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) बोटभर पुढे हवेत बटण दाबा, एका दमात वरामेपर्यंत (मागच्या टोकापर्यंत) जा, पुढे बोटभर हवेत सोडा. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे.

पहिला थर धुक्याइतका विरळ. खालचा प्रायमर स्पष्ट दिसत राहिला तर बरोबर आहे. इथे झाकण्याचा मोह आवरायला हवा. पाच-दहा मिनिटांनी दुसरा, तसाच. तिसरा थर ओला. तो मारताना जहाजाच्या कडेवर पडलेला उजेड बघत राहायचं. सुरुवातीला रंगाचे कण सुटे दिसतात आणि उजेडाची कड विस्कटलेली असते. हात थोडा सावकाश नेला की कण एकमेकांत मिसळतात आणि ती कड अचानक सलग होते. तिथेच पुढे सरकायचं. आणखी अर्धा सेकंद थांबलात तर खालच्या काठाशी रंग जाड होऊन ओघळ सुटतो. हा क्षण ओळखणं जुन्या बाटल्यांवर, प्लास्टिकच्या चमच्यांवर सराव करून जमतं. चमचा उत्तम, कारण त्याचा बाक जहाजाच्या तळासारखाच आहे.

फवारून झालं की मॉडेलवर मोठं पातेलं किंवा डबा उपडा घाला, खाली दोन काड्या ठेवून फट सोडा. धूळ आणि उडते किडे दूर राहतात, वाफ बाहेर पडते. टीएसचा रंग अर्ध्या-पाऊण तासात हाताला कोरडा लागतो, पण आतून घट्ट व्हायला कित्येक दिवस लागतात. खात्री नाकाने करा. मॉडेल नाकाजवळ नेलं आणि सॉल्व्हंटचा वास आला तर ते अजून वाळलेलं नाही. आपल्या हवेत मी मास्किंगला (रंगलेला भाग टेपने झाकायला) दुसऱ्या दिवसाआधी हात लावत नाही आणि चकचकीत गाडीला आठवडाभर पॉलिश करत नाही.

दोन रंग, तीन रंग

जहाजाला खालून वर जायचं. तळाला तांबूस तपकिरी (तामियाचा टीएस-३३ जवळ जातो), पाणरेषेचा काळा पट्टा, वर राखाडी (टीएस-३२). प्रत्येक रंगानंतर आधीचा भाग झाकायचा. पाणरेषा आखायला पेन्सिल एका ठरावीक उंचीच्या ठोकळ्यावर आडवी बांधा आणि सपाट टेबलावर ठोकळा जहाजाभोवती फिरवा. रेघ सगळीकडे एका पातळीवर येते.

टेप मॉडेलसाठीचीच घ्या. इमारतीच्या रंगकामाची पिवळट टेप जाड असते, कडेने रंग आत शिरतो. कडेसाठी अरुंद टेप, बाकीचा भाग वर्तमानपत्राने झाका. टेपची कड नखाने किंवा टूथपिकने दाबून बसवा. मग टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग, किंवा क्लिअर, अगदी हलका मारा. जी काही फट असेल ती त्याने बुजते, नंतरचा रंग आत जात नाही आणि रेघ सुरीने कापल्यासारखी येते. नवा रंग हाताला कोरडा झाला की टेप काढायची, तिला तिच्याच अंगावर दुमडत, सावकाश. उकाड्यात टेप दिवसेंदिवस तशीच ठेवली तर तिचा डिंक मॉडेलवर उरतो.

रणगाड्याच्या किंवा विमानाच्या कॅमोफ्लाजला पुसट कड हवी असेल तर पोस्टरच्या पुट्टीच्या पातळ वळ्या करून रंगाच्या हद्दीवर लावा आणि आतला भाग टेपने झाका. फवारा सरळ समोरून मारा. वळीच्या गोलाईखाली थोडा रंग शिरतो आणि कड मऊ होते. फार तिरपा मारलात तर एका बाजूची कड मऊ आणि दुसरीकडची कडक असं होतं.

बारीक भागांसाठी कॅनमधला रंग बाहेर काढता येतो. नॉझलला स्ट्रॉ लावून काचेच्या छोट्या बाटलीत हळूहळू फवारा. रंगात विरघळलेला वायू बुडबुड्यांनी निघत राहतो, म्हणून बाटली उघडी ठेवून तासभर थांबा. लगेच झाकण लावलंत तर आत दाब साठतो. मग तोच रंग ब्रशने लावा, छटा तंतोतंत जुळते.

क्लिअर, डेकल आणि मॅट

डेकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं, अक्षरं) चकचकीत पृष्ठभागावरच लावायची. मॅट रंगाच्या खडबडीतपणात हवा अडकते आणि डेकलखाली चंदेरी चकाकी दिसते. म्हणून आधी टीएस-१३ सारखा ग्लॉस क्लिअर. तोही डेकलवर परत मारणार असाल तर धुक्याइतका विरळ, कारण ओला लॅकर डेकल आखडवतो. डेकल लावल्यावर राहिलेला डिंक ओल्या कापडाने पुसा, एक दिवस वाळू द्या.

शेवटचा मॅट क्लिअर, टीएस-८० किंवा तत्सम, हा कोकणातला सगळ्यात अवघड थर. त्यात चमक मारणारी भुकटी असते. तळाशी बसलेली भुकटी नीट न मिसळता फवारलं, थर जाड झाला किंवा हवा दमट असली तर मॉडेलवर पांढरी बुरशीसारखी साय येते, आणि ती सगळं काम संपल्यावर येते. म्हणून तीन मिनिटं हलवायचं, कोरडी सकाळ निवडायची, विरळ दोन थरांवर थांबायचं. हवा पटत नसेल तर मॉडेल डब्यात ठेवून महिनाभर थांबा. त्याला काही होत नाही.

बिघडलं तर

पांढरी छटा आली तर घाबरू नका. कोरड्या दिवशी त्याच रंगाचा किंवा ग्लॉस क्लिअरचा पातळ ओला थर मारा. ताजं सॉल्व्हंट वरचा थर थोडा सैल करतं, अडकलेली ओल निघते आणि रंग परत येतो. मॅटवरची सायही बऱ्याचदा ग्लॉस मारल्यावर जाते. मग नव्याने मॅट.

ओघळ आला की बोट, ब्रश, कापड काही लावायचं नाही. दोन-तीन दिवस वाळू द्या, १५०० आणि २००० च्या पेपरने पाण्यात घासून सपाट करा, पुन्हा विरळ थर. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला असेल तर उपाय तोच. केस किंवा किडा अडकला तर तोही वाळल्यावरच काढा.

रंग सुरकुतला किंवा भेगाळला तर खालचा आणि वरचा रंग एकमेकांशी जमले नाहीत असं समजा. इनॅमलवर लॅकर मारलं की हे हमखास होतं. लॅकरवर इनॅमल चालतं, उलट नाही. सुरकुतलेला भाग वाचवत बसू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, ब्रशने घासून रंग उतरवा आणि प्रायमरपासून सुरुवात करा. लॅकर सुटायला वेळ लागतो, कधी रात्रभर भिजवावं लागतं.

कॅन सांभाळणं

काम झालं की कॅन उलटा करून नुसता वायू येईपर्यंत दोन-तीन सेकंद फवारा, नॉझल पुसा. ते न केल्यास पुढच्या वेळी नॉझल बुजलेलं मिळतं. टाचणीने भोक उघडू नका, ते मोठं होतं आणि फवारा कायमचा बिघडतो. नॉझल काढून थिनरमध्ये ठेवा. प्लास्टिकजवळ नको असलेल्या एनसी थिनरचा उपयोग इथे होतो, पण काचेच्या भांड्यात, थोडाच वेळ.

खाऱ्या हवेत कॅनच्या बुडाची आणि वरची कड गंजते. पावसाळ्यात कॅन घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह, घरातल्या गार जागी उभे ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली नको, गाडीच्या डिकीत तर नकोच. दिवाळीत बाहेर काढताना प्रत्येकाचं बूड बघा. नुसता तांबूस डाग असेल तर पुसून आधी तो कॅन वापरून संपवा. पापुद्रे सुटत असतील, खळगे पडले असतील तर उघड्यावर पुठ्ठ्यावर फवारून रिकामा करा, वापरायचा विचार करू नका. रिकाम्या कॅनला भोक पाडायचं नाही, आणि परसात पातेरा जाळताना तो चुकूनही त्यात जाता कामा नये. भंगारवाल्याला देताना हा दाबाचा कॅन आहे, हे त्याला सांगून वेगळा द्या.